बैलाचा जबाब

छत्रपती संभाजीनगरातील जालना रस्त्यावरच्या शीतकपाटांत, वाटाण्याच्या प्रथिनांपासून सिद्ध केलेले, कोंबडीचा अंशही नसताना तिची स्मृती इमानाने जागवणारे कबाब विराजमान झाले आहेत. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम जारी करून हिरव्या चौकटीतील ‘व्ही’ची सनद बहाल केल्यामुळे त्यांच्या अहिंसेस सरकारी दुजोराही मिळू शकतो.

असे असता मराठवाड्यातील ज्वारीच्या भाकरीने, सोबतीस शेंगदाण्याची चटणी व मिरचीचा ठेचा घेऊन, त्याच बहुमानासाठी अर्ज गुदरावा हे केवळ औद्धत्य होय.

नियम असा की, अन्नाचा वा त्यातील घटकांचा प्रयोग प्राण्यांवर झालेला नसावा. ज्वारीचे तर हुरड्यात असतानाच पाखरे उघड परीक्षण करतात, आणि तिच्या कडब्याविषयीचा अनुकूल अभिप्राय बैलांनी पिढ्यान्‌पिढ्या, लेखी नसला तरी तोंडी, दिलेला आहे. शिवाय शेतातले शेणखत व चुलीतली गोवरी यांचा मूळ पुरवठादार कोण, हे दफ्तरी नमूद करण्याचीही सोय नाही. (ठेच्याविरुद्ध पुरावा नाही, परंतु संगतीचा दोष आहेच.)

सबब, पंचांसमक्ष बैलाचा जबाब नोंदवून पाखरांचा ना-हरकत दाखला येईपर्यंत भाकरीचा अर्ज तहकूब ठेवावा. मात्र तीच भाकरी गोठवून, रंगीत खोक्यात घालून, दहापट किमतीस विक्रीला आल्यास उपरोक्त सर्व आक्षेप मुदतबाह्य समजण्यात यावेत.