बारा वर्षांचा ॲव्हरेज

पुण्यात गाडी घेणारा दोनच प्रश्न विचारतो: ॲव्हरेज किती आणि लावायची कुठे. कुंभकोणमला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, त्याआधी तिसरा प्रश्न येतो. हिच्यातून एका दिवसात नवग्रह होतील का? गावाच्या पंचक्रोशीत आणि जरा पलीकडे नवही ग्रहांनी आपापली स्वतंत्र देवळं थाटलेली आहेत. गुरू आलंगुडीला, राहू तिरुनागेश्वरमला, शुक्र कंजनूरला. शनी मात्र तमिळनाडूची हद्द ओलांडून पुदुच्चेरीच्या कारैकालजवळ, तिरुनल्लारला. सरकारी बस एका दिवसात सगळ्यांना भेटवून आणते. पण सासऱ्यांचं म्हणणं, बसमधून गेलं की ग्रहांच्या सोयीनं दर्शन होतं, आपल्या नाही. म्हणून गाडी, आणि तीही उंच, कारण आत्याबाईंचे गुडघे खाली वाकत नाहीत.

सासरची ही मंडळी व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले त्या सुमारास, १६७६च्या आगेमागे, खाली उतरली आणि परत जायची राहून गेली. घरात मराठी, दारात तमिळ, आणि भांडण दोन्हींत. अशा घरानं हायब्रीड गाडी निवडावी यात नवल काही नाही. नवल हे की त्यावर एकमत झालं.

मेहुण्याला खरं तर पूर्ण इलेक्ट्रिक हवी होती. त्यानं करांचा तक्ता मांडला. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के. आम्ही पाहत होतो त्या चार मीटरहून लांब हायब्रीडला ४०. आत्याबाईंनी जपमाळ थांबवली. "अर्धी इलेक्ट्रिक आहे ना? मग साडेबावीस घ्या म्हणावं." हे त्यांनी शोरूममधल्या पोराला तमिळमध्येही सांगितलं. पोरगा हसला नाही. त्यानं वही काढून लिहून घेतलं.

गाडीचं तंत्र त्यानं कळकळीनं समजावलं. पेट्रोलचं इंजिन आहे, विजेची मोटरही आहे. सावकाश चालताना मोटर, जोर लागला की इंजिन, कधी दोघं मिळून. ब्रेक दाबला की फुकट जाणारी शक्ती बॅटरीत परत. बाहेरून चार्जिंग करायचं नाही. सासरे शांतपणे म्हणाले, "म्हणजे दारासुरम." शेजारच्या दारासुरमला ऐरावतेश्वराच्या देवळात, बाराव्या शतकात चोळांच्या कुणा कारागिरानं एकाच डोक्याला दोन धडं जोडली आहेत: एक बाजू हातानं झाकली तर बैल दिसतो, दुसरी झाकली तर हत्ती. तीन पिढ्यांनी एकदम माना डोलावल्या. शोरूमवाल्यांनी त्या शिल्पाचा फोटो भिंतीवर लावला, तर निम्मी माहितीपत्रकं वाचतील.

मग निवड. टोयोटाची हायरायडर की मारुतीची ग्रँड व्हिटारा? दोन्ही २०२२मध्ये आल्या, दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यात जन्मल्या, दोघींचं हायब्रीड यंत्रही एकच. तरी घरात दोन तट पडले. सख्ख्या बहिणींची स्थळं आल्यावर नाक-डोळ्यांवरून जो वाद होतो तोच जाळी आणि दिव्यांवरून झाला. इनोव्हा हायक्रॉसला सात माणसं मावतात म्हणून तिचंही नाव निघालं. पण ती पावणेपाच मीटर लांब. आमच्या गल्लीत शिरली असती, वळली नसती.

खरा पेच डिकीनं घातला. हायब्रीडची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी बसते, त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीपेक्षा शंभरेक लिटर जागा कमी. नेमक्या त्याच जागेत सासूबाईंनी मनातल्या मनात नाच्चियारकोविलची पितळी समई ठेवली होती, पुण्याच्या लेकीसाठी, पुरुषभर उंचीची. त्या डिकीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बॅटरी वर नाही का बांधता येत?"

आता हिशेब. कुंभकोणममध्ये हिशेब टाळता येत नाही. श्रीनिवास रामानुजन इथल्या टाउन हायस्कूलमध्ये शिकले, आणि इथल्या सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी बहुतेक विषयांत नापास झाले. सासरे त्याच शाळेचे. ते गणितातच काठावर पास झालेले, पण गावाचा वारसा म्हणून वही त्यांच्याच हातात. पेट्रोल शंभर रुपये धरलं. साधी गाडी गावात लिटरला पंधरा देईल, हायब्रीड बावीस. किलोमीटरमागे दोन रुपये बारा पैसे वाचले. किंमत जास्त, समजा, दोन लाखांनी. म्हणजे चौऱ्याण्णव हजार किलोमीटर पळवली की पैसे वसूल. आमचं फिरणं वर्षाला आठ हजार. भागाकार झाला, आणि सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"बारा वर्षं! एक महामहम!"

महामहम तलावावरचं ते स्नान बारा वर्षांनी येतं. मागचं २०१६ला झालं, पुढचं २०२८ला. बारा वर्षं या गावाला दीर्घ मुदत वाटत नाही, इथं ते एक आवर्तन आहे. बॅटरीची हमी आठ वर्षांची, हे मी हळूच सुचवलं. "बॅटरीला काय कळतंय महामहम," म्हणत त्यांनी वही मिटली. शिवाय शनी मदतीला होताच. कारैकालला कर कमी, त्यामुळे पेट्रोल तमिळनाडूपेक्षा स्वस्त. दर खेपेला तिरुनल्लारला टाकी भरायची, असं ठरलं. साडेसातीतून इंधनबचत करणारं दुसरं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही.

चाचणीच्या दिवशी सासऱ्यांनी बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. पोरगा म्हणाला, "सार, पहिल्यांदा चालू झाली होती, आता तुम्ही बंद केलीत." पुढं सारंगपाणीच्या देवळाकडच्या रस्त्यावर गाडी पावलापावलानं सरकत राहिली, आणि इंजिन जागंच झालं नाही. हायब्रीडला हेच मानवतं. मोकळ्या महामार्गापेक्षा अशा थांबत-थांबत जाण्यात ती जास्त वाचवते. रस्त्यात बसलेली गाय आवाज नसल्यानं उठली नाही. ती हॉर्नलाही उठली नाही, तेव्हा दोष गाडीला देता येत नाही.

रंग काळा नको, तो शनीचा. शेवटी पांढरी, काळ्या छताची. छत तेवढं शनीला सोडलं.

उरला मुहूर्त. तमिळ पंचांगानं आडी महिना वर्ज्य केला, मार्गळीही. पुण्याहून माझ्या आईनं फोनवर पितृपक्ष काढून टाकला आणि अमावास्याही. दोन पंचांगांतून जे दिवस उरले, त्या दिवसांत शोरूममध्ये सवलत नव्हती. सवलत आडीतच, कारण आडीत कुणी गाडी घेत नाही. घर चिंतेत पडलं. ज्या पोरानं साडेबावीस टक्के लिहून घेतले होते, त्यानंच तोडगा काढला.

"बिल आडीत करू, सार. गाडी आवणीत न्या."

आत्याबाईंनी विचारलं, "आणि चाकांखालची लिंबं?"

"चार लिंबं आमच्याकडून," तो म्हणाला. "भोपळा तुमचा."