चार ठोक्यांची नोकरी

गिटार घेऊन रंगमंचावर बसलेल्या माणसाकडून आपल्या काही ठराविक अपेक्षा असतात. त्याने डोळे मिटावेत, मान मागे टाकावी, मधूनच एखादी तार अशी ओढावी की पहिल्या रांगेत कुणाचा तरी श्वास अडकावा. फ्रेडी ग्रीन नावाचा माणूस अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ साली रुजू झाला, १९८७ साली वारेपर्यंत तिथेच होता, आणि या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याने यांतलं काहीही केलं नाही. बँडच्या जुन्या चित्रफिती पाहाव्यात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचं पितळी ऊन पडलेलं असतं. एकेक वादक उठतो, पुढे येतो, आपलं काळीज मोकळं करतो, टाळ्या घेऊन जागेवर जातो. आणि कडेला, नीटस सुटात, गिटार मांडीवर जवळजवळ आडवी धरून एक गृहस्थ बसलेले असतात. उजवा हात हलतो आहे हे दिसतं. ऐकू मात्र काही येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आवाज टिपणाऱ्याचा त्या दिवशी डोळा लागला असावा.

तसं काही नसतं. ग्रीन वाजवत असतो, आणि न चुकता वाजवत असतो. स्विंगच्या चार मात्रा. प्रत्येक मात्रेवर वरून खाली एकच आघात. तारांवरची बोटं लगेच सैल, म्हणजे स्वर रेंगाळायच्या आत मिटतो. विजेवर चालणारी गिटार जगात आली, नांदली, तिने पोरांना वेड लावलं, पण ग्रीनची गिटार पोकळ लाकडाचीच राहिली. तारा त्याने मानेपासून इतक्या उंच ठेवल्या होत्या की दाबताना दुसऱ्या कुणाच्या बोटांना घाम फुटावा. पुढे कितीतरी गिटारवादकांनी त्याच्या तबकड्या कानाला लावून हा माणूस नेमकं करतो काय याचा छडा लावायचा प्रयत्न केला. निष्पन्न असं झालं की हाताची ठेवण दोन-तीन तारांची असली, तरी पुष्कळदा वाजते ती एकच, बहुधा चौथी. बाकीच्या नुसत्या स्पर्शाने मुक्या केलेल्या. सहा तारांच्या वाद्यातल्या पाच तारा गप्प ठेवण्यात हयात घालवणारा हा कलावंत. तो ठोका कानाला गिटार म्हणून कळतच नाही. तो ड्रममध्ये विरघळतो, डबल बासला चिकटतो, आणि आपल्याला वाटतं की आज ड्रमवाला काय सुरेल वाजवतो आहे!

बेसीचा स्वतःचा स्वभावही या कामी आला असावा. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या पुढ्यात असताना हा मालक दोन-तीन स्वर टाकून थांबायचा आणि उरलेली जागा वाऱ्याला द्यायचा. त्याच्याकडे ग्रीन, डबल बासवर वॉल्टर पेज आणि ड्रमवर जो जोन्स अशी चौकडी जमली. जॅझच्या इतिहासात तिच्याविषयी लोक देवळात बोलावं तसं आवाज खाली आणून बोलतात.

ग्रीनचा जन्म १९११ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा. सुरुवात बँजोवर. त्या गावात जेन्किन्स अनाथाश्रमाच्या मुलांचा बँड प्रसिद्ध होता. ग्रीन त्या आश्रमातला नव्हता, तरी त्या मुलांबरोबर तो दौऱ्यावर गेला. पुढे न्यूयॉर्कला आला. दिवसा खुर्च्या-कोचांना गाद्या आणि कापड चढवण्याचं काम, रात्री क्लबात गिटार. गादीच्या आत राहून बसणाऱ्याला सुख देणाऱ्या स्प्रिंगांचं रूपक इथे हात जोडून उभं आहे, पण आयुष्याने इतकी तयार दिलेली उपमा वापरायची मला लाज वाटते. ग्रेनिच व्हिलेजमधल्या ब्लॅक कॅट नावाच्या क्लबात जॉन हॅमंडने त्याला ऐकलं. हा हॅमंड म्हणजे दुसऱ्यांचे गुण हेरण्यात आयुष्य काढलेला माणूस. त्याने बेसीच्या कानी घातलं आणि ग्रीनला जागा मिळाली.

जागा मिळाली म्हणजे कुणाची तरी गेली. बेसीकडे आधी क्लॉड विल्यम्स होता. तो गिटार वाजवायचा, व्हायोलिनही वाजवायचा, आणि त्याला पुढे येऊन वाजवण्याची हौस होती. ती हौस हॅमंडला मानवली नाही. असल्या गोष्टींत गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: विल्यम्स व्हायोलिन वाजवत राहिला, पार म्हातारपणी त्याचं पुन्हा कौतुक झालं, आणि शहाण्णव वर्षांचा होऊन २००४ साली तो गेला. एकाने एकाच खुर्चीत आयुष्य काढलं, दुसऱ्याने ती खुर्ची सुटल्यावर. दोघांचंही बरं चाललं.

ग्रीनला मोह झालाच नाही असं मात्र समजू नये. १९३८ साली एका लहान मेळाच्या ध्वनिमुद्रणात हा अबोल गृहस्थ चक्क गायला आहे. 'देम देअर आइज' हे गाणं आजही ऐकता येतं. गळा बरा आहे. त्याच ध्वनिमुद्रणात एडी डरहॅमने विजेवरची गिटार वाजवली, आणि ती त्या वाद्याच्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी एक. म्हणजे नवं वारं हाताच्या अंतरावर वाहत होतं. बेसीच्या बँडमधले जुने वादक एक किस्सा सांगत. त्या सुमारास ग्रीननेही एक अँप्लिफायर आणला आणि तो मधूनमधून पुढे येऊन वाजवू लागला. वाजवायचा चांगलं, पण तो पुढे सरसावला की मागचा ठोका पोरका व्हायचा आणि सगळा डोलारा डुगडुगायचा. तोंडावर कोण सांगणार? मग एका रात्री त्याच्या पेटीची वायर गायब झाली. दुरुस्ती झाली, तर दुसऱ्या रात्री आतलं काहीतरी निखळलेलं. असं करत करत मित्रांनी त्या पेटीची आतडी काढून नुसतं खोकं शिल्लक ठेवलं. ग्रीन भडकला आणि मग निवळला. किस्से सांगणारे वादक पदरचं थोडं घालतातच, पण मला यातला प्रेमाचा प्रकार फार आवडतो. तू आम्हाला इतका हवा आहेस की तुझा आवाज आम्ही चोरतो, असं म्हणणारे मित्र सगळ्यांना लाभत नाहीत.

आमच्या लहानपणी चाळीत गुरुवारी भजन असायचं, त्यात टाळ धरणारे एक काका होते. पेटीवाले बुवा रागदारीची हौस भागवून घ्यायचे, पखवाजवाला दाद मिळवायचा. काका नुसते टाळ वाजवायचे आणि मधून पुढे सरकणाऱ्या पोरांना डोळ्यांनी जागेवर बसवायचे. ते गावी गेले की भजन सुरू वेळेवर व्हायचं, पण संपायचं लवकर. अभंग तेवढेच, कडवी तेवढीच, पण सगळे कुठेतरी गाडी पकडायची असल्यासारखे धावायचे. बुवा पखवाजवाल्यावर चिडायचे, पखवाजवाला पोरांवर. काकांची आठवण कुणी काढत नसे. प्रसादाच्या वेळी कुणीतरी एवढंच म्हणे, आज काही रंगलं नाही बुवा.

स्विंग हा प्रकार असल्या मराठी कानांवर पहिल्यांदा पडला तो बहुधा सी. रामचंद्रांच्या कृपेने. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा पावलं टाकत होते, तेव्हा त्या पावलांखाली न्यू ऑर्लिन्स आणि हार्लेमहून ताजमहाल हॉटेलमार्गे आलेली लय होती. ती आणणारे बरेचसे गोव्याचे. चिक चॉकलेट या टोपणनावाने ट्रम्पेट वाजवणारे अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले सर्वांत झळाळते. पण त्यांच्या मागे बसून ठोका धरणारे, त्या काळच्या तबकड्यांवर ज्यांची नावं छापायची रीत नव्हती, ते कितीतरी असतील. भगवानदादांच्या पावलांवर गणपतीत अजूनही गल्ल्या नाचतात. त्या नाचणाऱ्यांपैकी कुणाला विचारा, गिटार कोण वाजवत होतं!

ग्रीनचं नाव तबकड्यांवर होतं, आणि इथेच मला त्याच्या भक्तांशी थोडं भांडायचं आहे. ते त्याला विनम्र म्हणतात, निरिच्छ म्हणतात, साधू करून टाकतात. मला तसं वाटत नाही. १९५० साली मोठे बँड पोसणं परवडेनासं झालं, बेसीने आपला बँड मोडला आणि मोजक्या वादकांचा मेळ काढला. त्यात गिटारीला जागा नव्हती. गोष्ट अशी सांगतात की एके रात्री ग्रीन सूट घालून, गिटार घेऊन, बोलावणं नसताना तिथे येऊन बसला आणि वाजवायला लागला. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली, आता मला सोडून कुठे निघालास, असा त्याचा सवाल होता म्हणे. बेसी काय बोलणार? ग्रीन राहिला. दोन वर्षांनी मोठा बँड पुन्हा उभा झाला, तोही ग्रीनच्या ठोक्यावर. असा माणूस निरिच्छ कसा? त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती त्याने भांडून मिळवली. फक्त ती गोष्ट आपल्यापैकी कुणी मागत नाही, इतकंच. चौथ्या तारेवरचा एक स्वर बरोबर जागी पडावा आणि तो आपण पाडावा, ही महत्त्वाकांक्षा टाळ्यांच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा लहान आहे असं मला कधी वाटलेलं नाही. मला तर ती जरा उद्धटही वाटते.

तो रचनाकारही होता, हे पुष्कळांना उशिरा कळतं. 'डाउन फॉर डबल' त्याची, 'कॉर्नर पॉकेट' त्याची. ही दुसरी १९५५ साली 'एप्रिल इन पॅरिस' या अल्बमसाठी बँडने वाजवली, आणि तिच्यात पुढे येऊन मजा करतात ते सगळे दुसरे. स्वतः लिहिलेल्या नाटकात लेखकाने पडदा ओढायचं काम घ्यावं, तसलं हे. त्याच सुमारास 'मिस्टर ऱ्हिदम' नावाचा अल्बम त्याच्या नावावर निघाला, तिथेही समोर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. 'कॉर्नर पॉकेट'ला पुढे शब्द मिळाले, आणि मॅनहॅटन ट्रान्सफर या गायकमंडळींनी ते गाणं गाऊन ग्रॅमी मिळवलं.

बेसी १९८४ साली गेला. ग्रीन बँडमध्येच राहिला. आधी थॅड जोन्सच्या हाताखाली, मग फ्रँक फॉस्टरच्या. दोघेही कधीकाळी त्याच बँडमध्ये त्याच्या ठोक्यावर वाजवून मोठे झालेले. १ मार्च १९८७ रोजी लास वेगासमध्ये तो वारला. बँड तिथे कार्यक्रमासाठीच गेलेला होता.

'कॉर्नर पॉकेट' जरूर ऐका. पहिल्या खेपेला गिटार शोधायच्या नादी लागू नका, सापडणार नाही आणि उगीच चिडचिड होईल. ट्रम्पेटची मजा घ्या, पाय हलत असेल तर हलू द्या. दुसऱ्या खेपेला त्या पायाकडे बघा आणि विचारा की याला कोण हलवतंय. पाय ड्रमवाल्याचं नाव सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.