फॉरमॅट मारायला लागेल

की-बोर्डच्या एका बटणाखाली चकलीचा तुकडा अडकला होता, एवढंच. मशीन उचलून भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याच्या गाळ्यात नेलं. त्याने तोंडातला चहा गिळला, मशीनला हातही न लावता निदान केलं, "काका, फॉरमॅट मारायला लागेल."

हा तुमच्याही नाक्यावर असणारच. प्रिंटरमध्ये कागद नसला तरी फॉरमॅट, स्पीकरची वायर उंदराने कुरतडली तरी फॉरमॅट. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर दोन तास भांडण चाललं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "अख्ख्या कमिटीलाच फॉरमॅट मारा ना!" रिक्षा, टेम्पो आणि तागे लादलेल्या हातगाड्या एकमेकांत गुंतल्या की गाळ्याच्या पायरीवर उभं राहून तो म्हणतो, "हा नाका क्लीन इन्स्टॉल करायला पाहिजे. पार अंजूर फाट्यापासून."

विचारायचं ते एकच विचारायचा, "सी मध्ये काय नाय ना?" आता सी ड्राइव्हमध्ये काय आहे हे संसारी माणसाला ठाऊक असतं का? आपण "नसावं बहुतेक" म्हणेपर्यंत सीडी आत गेलेली असायची. एक्सपीचं ते लांबलचक करारपत्र पडद्यावर आलं की तो एफ-एट दाबून आमच्या वतीने थेट बिल गेट्सला शब्द देऊन मोकळा. मग पडदा सांगायचा, ३९ मिनिटं बाकी. तेव्हापासून याच्या घड्याळात दुसरा आकडाच नाही. किती वेळ लागेल? एकोणचाळीस मिनिटं. कल्याणला पोचायला? एकोणचाळीस मिनिटं. बहिणीचं लग्न किती वाजता लागणार, याचंही उत्तर त्याने तेच दिलं होतं.

त्या एकोणचाळीसमधली नऊ शिल्लक असताना लाइट जायची. भिवंडीत लाइट गेल्याचं दिव्यावरून कळत नाही, लूमचा खडखडाट थांबला की कळतं. त्या दचकवणाऱ्या शांततेत तो पुन्हा चहा सांगायचा. लाइट आली, माग धडधडू लागले, की पुन्हा पहिल्यापासून एफ-एट. सगळं पार पडलं की ती निळ्या आभाळाखालची हिरवी टेकडी उगवायची. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात टिपलेली. तिच्याकडे बोट दाखवून हा म्हणायचा, "बघा, कसं मोकळं मोकळं वाटतंय!" मोकळंच वाटायचं. आमचं काहीच उरलेलं नसायचं. (मानकोली-राहनाळकडच्या भातशेतांवर एवढी गोदामं उभी राहिली, तीही याच पद्धतीने. सी मध्ये काय आहे, हे तिथेही कुणी विचारलं नाही.)

२००९ साली माझ्या वडिलांनी आठवणी लिहिल्या. चार माग, बीम भरणं, सूत महाग झाल्याची वर्षं. मी त्या श्रीलिपीत टाइप केल्या. मग याने फॉरमॅट मारला. फाइल डी मध्ये होती, म्हणून वाचली. फॉन्ट सी मध्ये होता, तो गेला. तेव्हाच्या मराठी फॉन्टांची गंमत अशी, की आत सगळी परकी चिन्हंच असायची, वरून फक्त मराठी अंगरखा. अंगरखा उतरला आणि वडिलांच्या जागी रोमन अक्षरांची भेळ उघडली. हा शांतपणे म्हणाला, "फाइल हाय ना काका. फक्त वाचता येत नाय." मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. तेवढ्यात वडील गेले, आणि मशीनही भंगारात.

परवा लॅपटॉप घेऊन गेलो. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली. मीच म्हणालो, "मार फॉरमॅट. अकरा टाक."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "नको काका. अकराला टीपीएम दोन लागतं, ह्याच्यात ते नाय. जुगाड करून टाकेन, पण उगाच कशाला? डेटा काढून ठेवा आणि वापरा आहे तसं."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस "नको" म्हणाला होता. डॉक्टरने घरी न्यायला सांगावं तसं मला झालं.

मग त्याने ड्रॉवर उघडला. आत जुन्या हार्डडिस्क, प्रत्येकीवर स्केच पेनने गिऱ्हाइकांची आडनावं. सी मध्ये काय नाय ना, असं विचारून हा गुपचूप सगळ्यांचं सगळं काढून ठेवत होता! मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? "तुम्ही बोलत नव्हता ना." आणि मग बोलायला लागलो तेव्हा? त्यावर त्याला चहावाल्याला हाक मारायची आठवण झाली.

पेनड्राइव्हमध्ये वडिलांची फाइल होती, युनिकोडमध्ये बदललेली. फक्त बदलताना सगळे रफार गळाले होते. वडिलांचा सूर्य 'सूय' होऊन उगवत होता, कर्ज 'कज' झालं होतं.

"रफार तेवढे हाताने टाका," तो म्हणाला. "एकोणचाळीस मिनिटांचं काम."

तीन आठवडे झाले. मी चौथ्या पानावर आहे.