फॉरमॅट मारू का?

लॅपटॉप सुरू होत नाही, असं चारचौघांत बोलू नये. बोललात की समोरचा माणूस, मग तो दातांचा डॉक्टर असो की फरसाणवाला, लगेच विचारतो, "चार्जिंगला लावून बघितलात?" आणि त्यापाठोपाठ, "बॅकअप आहे ना?" पहिल्या प्रश्नात निदान माणुसकी तरी असते. दुसऱ्याचं उत्तर 'आहे' असं असतं, तर आपण त्या गृहस्थांकडे हा विषय काढला कशाला असता?

बॅकअपसाठी जगाने ३१ मार्च हा दिवस मुक्रर केला आहे. 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून तो पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं, हे ठरवणाऱ्यांच्या कानावर कोणी घातलेलं दिसत नाही. ज्यांच्या फाइलींत खरोखर काही आहे, ती सगळी मंडळी त्या रात्री उशिरापर्यंत त्याच फाइलींत बुडालेली असतात. दिवस पाळायला उरतात ते ज्यांच्याकडे बॅकअप घेण्यासारखं काही नाही ते.

आमचे भाऊजी त्यांच्या हाउसिंग सोसायटीचे खजिनदार आहेत. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे सहकार कायद्यात आहे. हिशेबाची पत्रकं भाऊजींच्या लॅपटॉपवर आहेत, हे इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. लॅपटॉपलाही ते माहीत असावं, कारण त्याने सप्टेंबरचाच मुहूर्त धरला. मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. हे कागद हल्ली स्क्रीनवर असतात, एवढ्या भांडवलावर मी नातेवाइकांत 'कॉम्प्युटरमधला' ठरलो आहे. तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे आला. सोबत चार्जर नव्हता.

त्याआधी तो स्टेशनजवळच्या एका दुकानात जाऊन आला होता. तिथल्या मुलाने झाकण न उघडता निदान केलं, "फॉरमॅट मारावा लागेल." ताप असो, सर्दी असो, पाय मुरगळलेला असो, या धंद्यात औषध एकच. भाऊजींनी चाचरत फाइलींचं काय म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, "काका, डी ड्राइव्हला हात लावत नाही आपण. फक्त सी उडेल."

हे वाक्य देशभर रोज धीर देण्यासाठी वापरलं जातं. त्यात एकच अडचण आहे. आपण डेस्कटॉपवर जे जे ठेवतो, ते सी ड्राइव्हमध्येच असतं. डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नाही. सी ड्राइव्हच्या 'यूझर्स' नावाच्या फोल्डरात आपल्या नावाचा एक फोल्डर असतो, त्याच्या पोटात तो बसलेला असतो. भाऊजींच्या डेस्कटॉपवर गणपतीचा फोटो आहे, पण फाइलींच्या गर्दीतून सोंडेचं टोक तेवढं दिसतं. सिंकिंग फंड, पाण्याच्या टँकरची बिलं, लिफ्टवाल्याशी झालेला पत्रव्यवहार, सगळं तिथे. डी ड्राइव्हमध्ये काय आहे म्हणून मी विचारलं. गाणी होती, आणि आता घरात नसलेल्या एका प्रिंटरचा ड्रायव्हर होता. म्हणजे दुकानदार जीव तोडून जे वाचवणार होता ते हे.

दुकानाची पावतीही मी पाहिली. चार्जर मिळाला की नाही, बॅग मिळाली की नाही, झाकणावर ओरखडे आहेत की नाहीत, सगळ्याला रकाने. फाइलींना रकाना नाही. तळाला बारीक अक्षरांत 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' एवढं छापलेलं. कापडी बॅगेची जबाबदारी मात्र दुकानाची.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. लॅपटॉप सुरू न होणं आणि फाइली जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि हे सांगायला कोणी तयार नाही. चार्जर मेला, बॅटरी गेली, रॅमची पट्टी सैल झाली, स्क्रीन काळी पडली, अगदी मदरबोर्ड जळला, तरी फाइली जिथल्या तिथे असतात. त्या राहतात वेगळ्या घरात. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे घर म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक हिरवी किंवा काळी पट्टी. एका टोकाला खाचेत खोचलेली, दुसऱ्या टोकाला एकच बारीक स्क्रू. तो स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते, जणू तिला कधीपासून बाहेर पडायचंच होतं. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, की बहुतेक वेळा पेनड्राइव्हसारखी उघडते. खरी भीती फक्त तेव्हा, जेव्हा जुनी फिरती हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागते. तेव्हा बटण बंद करून हात बांधून बसावं आणि जाणकाराकडे जावं. पण आपल्याकडे नेमकं त्याच वेळी लोक ती पुन्हा पुन्हा चालू करून शेजाऱ्यांना आवाज ऐकवतात.

फॅमिली ग्रुपवर सल्ले आलेच. एका मावसभावाने हार्ड डिस्क पिशवीत गुंडाळून फ्रिझरमध्ये ठेवायला सांगितलं. हा फार जुना उपाय आहे, आणि बाहेर काढल्यावर आत दव धरतं हा त्याचा परिणामही तितकाच जुना आहे. आत्याने मात्र सांगितलं की चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, उरलीसुरली वीज निघून जाते. हा सल्ला खरा आहे आणि कितीतरी लॅपटॉप त्यानंतर मुकाट्याने सुरू होतात. तो आत्याने दिल्यामुळे ग्रुपवर त्याला कोणी अंगठाही दाखवला नाही. मी करून पाहिलं. भाऊजींचा लॅपटॉप तेवढा सरळ नव्हता.

त्याचं चालू होतं ते असं. लोगो येई, खाली ठिपके गोल फिरत, मग दुरुस्तीची तयारी चालू असल्याची सूचना, मग निदान चालू असल्याची, मग काळोख, आणि पुन्हा लोगो. भाषा सगळी अत्यंत सभ्य. शेवटी दुरुस्ती करता आली नाही असं कळवण्यात येई. कशाची, ते गुलदस्त्यात. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर एक रडकं तोंड असे. २०२५ मध्ये पडदा काळा केला आणि तोंडही काढून टाकलं. सुतक आता पूर्ण म्हणायचं.

असे फेरे जगाने १९ जुलै २०२४ रोजी एकदम पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर सुरू होईनात, म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींपेक्षा एक लाख जास्तच. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय काय सांगितला गेला? सेफ मोडमध्ये जा आणि ती एक फाइल पुसा. विमानं जमिनीवर बसली तरी पहिला उपाय फॉरमॅट नव्हता. सोसायटीच्या खजिनदाराला मात्र झाकण उघडायच्या आत फॉरमॅट.

बरं, लॅपटॉप स्वतः पर्याय देतो, त्याची तऱ्हा पाहा. दुरुस्तीच्या पडद्यावर 'रीसेट' निवडलं की दोन चौकटी येतात. एकीत लिहिलेलं असतं, माझ्या फाइली ठेवा. दुसरीत, सगळं काढून टाका. एकाखाली एक, आकार तोच, रंग तोच. आयुष्यभराचे कागद आणि त्यांचा अंत यांत बोटभर अंतर. 'फाइली ठेवा' वर बोट ठेवलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातातच. ते मागाहून कळतं.

मी त्या वाटेला न जाता कमांड प्रॉम्प्ट उघडायला गेलो. तिथे नवी मागणी आली, ४८ आकडी किल्लीची. हल्लीचे लॅपटॉप मालकाला न विचारता डिस्क कुलूपबंद करतात. चोराने डिस्क काढून नेली तर त्याला काही वाचता येऊ नये म्हणून. चोराचं माहीत नाही, मालकाचा बंदोबस्त चोख होतो. ही किल्ली मालकाच्या ऑनलाइन खात्यात ठेवलेली असते. भाऊजींचं खातं त्यांच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने उघडलेलं, आणि ती बंगळुरूला.

तिने फोनवर किल्ली वाचून दाखवली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती इंग्रजीत सांगे, भाऊजी ते मराठीत मोठ्याने म्हणत मला देत, आणि त्रेसष्ट की त्र्याहत्तर यावर बापलेकीचं जुंपे. या किल्लीतल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, हे मी उगाच बोलून गेलो. भाऊजींच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा तेज आलं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आठही गटांना भागून पाहिलं, चौथ्यात बाकी उरली, भाचीला पुन्हा वाचायला लावलं. चूक सापडली. ऑडिटर असाच असावा, असं ते कागदाला म्हणाले.

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत मी 'नोटपॅड' टाइप केलं. ज्याला कोणी मोजत नाही ते गरीब नोटपॅड तिथेही उघडतं, आणि त्याची फाइल उघडायची चौकट म्हणजे अख्ख्या डिस्कचा दरवाजा असतो. सी आणि डी ही अक्षरं तिथे जागा बदलून बसलेली असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे डोकावावं लागतं. यूझर्स, मग भाऊजींचं नाव, मग डेस्कटॉप. डेस्कटॉप रिकामा. भाऊजी मटकन खुर्चीत बसले. नोटपॅड आपल्याला फक्त साध्या मजकुराच्या फाइली दाखवतं. खालच्या यादीतून 'सगळ्या फाइली' निवडलं, की मांडव भरतो. मांडव भरला. फाइली कॉपी केल्या, पेनड्राइव्हवर पेस्ट केल्या. कितीशा झाल्या, किती राहिल्या, हे दाखवणारी हिरवी पट्टी इथे नसते. सगळं गोठल्यासारखं दिसतं. त्या वेळात ताईने पोहे केले, आणि कशालाही हात लावू नका असं मी सांगत असताना भाऊजींनी पेनड्राइव्ह नीट बसलाय ना, हे हलवून पाहिलं.

तरीही फाइली आल्या. सगळ्या. सभा २८ तारखेला झाली. हिशेबपत्रकांवर कोणी एक प्रश्न विचारला नाही. पूर्ण वेळ चर्चा गच्चीवरच्या कबुतरांची झाली.

फाइली हातात आल्यावर लॅपटॉप पुन्हा स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेला. आता खुशाल मारा म्हटलं. मुलाने फॉरमॅट मारला, डी ड्राइव्हमधली गाणी कटाक्षाने सांभाळली आणि संध्याकाळी लॅपटॉप सुरू करून दिला. बॅग मिळाली, ती खूणही पावतीवर केली.

परवा ताई फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही गं, त्याला नाही जमलं. रात्र रात्र घेऊन बसला होता. शेवटी दुकानातच द्यावा लागला. त्यांनी तासाभरात चालू केला."