पोचा आलेलं पातेलं

आमच्या घरातल्या एका मोठ्या पातेल्यावर ‘सौ. सुमन वि. क.’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. ही सुमन कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. कधीकाळी शेजारून काहीतरी भरून आलं असेल, रिकामं भांडं परत कसं करायचं म्हणून राहून गेलं असेल. तरी आजही ‘सुमनचं पातेलं काढा’ असंच म्हणतात. ते आमचं म्हणायची कुणाची छाती झालेली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र मी असं एक नाव घासून काढलं होतं.

सोसायटीच्या पावत्या छापणारा एक प्रोग्रॅम मी जावामध्ये लिहिला आणि दानशूरपणाच्या झटक्यात ओपन सोर्स करून टाकला. परवाना एमआयटीचा: कुणीही घ्या, बदला, विका, फक्त माझं नाव आणि परवान्याचा मजकूर काढू नका. माझं नाव कुणी काढू नये, ही काळजी पहिल्या दिवसापासून होती. त्यातल्या ‘अक्षरी रुपये’ या भागाचा मला रास्त अभिमान आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी करत शंभर शब्द हाताने भरलेत. मराठी आकड्यांना नियम लावायला गेलेला माणूस परत येत नाही. पण बॅकअपची फाइल केवढी झाली हे दाखवणाऱ्या सात-आठ ओळी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेल्या. ‘बाइट्स’च्या जागी ‘आकार’ घातलं, एवढंच माझं कर्तृत्व.

पकडलं ते आमच्या चेअरमन अप्पांनी. बँकेतून निवृत्त, त्यामुळे आकडा दिसला की चष्मा आपोआप वर जातो.

“अहो, इथे ‘१०००.० केबी’ आलंय. शंभर पैसे झाले की आपण रुपया म्हणतो ना? मग हा एक एमबी का नाही?”

रात्री शोधायला बसलो आणि गार पडलो. २०१० साली दिलेलं ते उत्तर म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोवरून सर्वांत जास्त नक्कल झालेला जावाचा तुकडा, असं २०१८ च्या एका संशोधनात निघालं होतं. आणि त्यात चूक आहे, हे लिहिणाऱ्यानेच २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. ९,९९,९९९ बाइट्स दिले की तो ‘१०००.० केबी’ म्हणतो. हजारो प्रोग्रॅममध्ये तोच पोचा, त्याच जागी. नाव घासता येतं, पोचा कसा घासणार?

नुसतं नाव देऊन भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तिथल्या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा जो परवाना आहे, तो म्हणतो: नाव द्या, आणि यातून जे घडवाल तेही याच अटीवर वाटा. लहानपणी घरी पोस्टकार्ड यायचं, हे पत्र मिळताच अकरा प्रती काढून वाटाव्यात म्हणून; तसंच हे. माझा एमआयटी त्यात बसेना. शिवाय परवान्याची आवृत्ती तारखेवर ठरते. एप्रिल २०११ च्या आधीचं उत्तर २.५ मध्ये, मे २०१८ पर्यंतचं ३.० मध्ये, पुढचं ४.० मध्ये. सुतकासारखे दिवस मोजायचे. गंमत म्हणजे आमचे परवाने सॉफ्टवेअरला लावू नका, असं खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगते. त्याच संशोधकांच्या हिशेबात, तिथला कोड घेतलेल्या प्रकल्पांपैकी नियमात बसणारे फार तर १.८ टक्के. बाकी सगळ्यांच्या घरी सुमनचं पातेलं.

आठ ओळींसाठी कोण कोर्टात जातं, असं म्हणू नका. ओरॅकलने २०१० मध्ये गूगलवर खटला भरला. मुख्य भांडण वेगळं होतं, पण अँड्रॉइडच्या ढिगाऱ्यात ‘रेंजचेक’ नावाच्या नऊ ओळी हुबेहूब सापडल्या. ज्याने त्या, पुढे ओरॅकलने विकत घेतलेल्या, सन कंपनीत असताना लिहिल्या, त्यानेच गूगलमध्ये गेल्यावर पुन्हा वापरल्या होत्या. माहेरचं लोणचं सासरी. न्यायाधीश विल्यम अल्सप स्वतः प्रोग्रॅमिंग करणारे. असलं काहीबाही मी शंभरदा लिहिलंय, असं त्यांनी भर कोर्टात ऐकवलं. तरी २०१२ मध्ये ज्यूरीने ती नक्कलच ठरवली. त्या ओळींची भरपाई दोन्ही पक्षांनी मिळून ठरवली: शून्य.

मला कायद्याची भीती कधीच नव्हती. नाव लिहिलं नाही ते लाजेने. केबीचे एमबी करायला याला दुसऱ्याचं डोकं लागलं, हे चारचौघांत कोण कोरून ठेवणार?

शेवटी त्या ओळी काढल्या आणि स्वतः लिहायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. एकदा पाहिलेलं डोक्यातून जाता जात नाही. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा सुमनचंच पातेलं. मग मूळ उत्तरातलं लॉगॅरिदम सोडून सरळ हजाराने भागत गेलो. कुरूप आहे, पण माझं आहे.

हे सगळं अप्पांना समजावताना एमआयटी परवान्याचा शेवटचा भागही मराठीत सांगितला: वस्तू जशी आहे तशी, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. अप्पांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि डायरीत उतरवून घेतलं.

परवा लिफ्टजवळच्या फळ्यावर सूचना होती: ‘टँकरचे पाणी जसे आहे तसे घ्यावे. कोणतीही हमी नाही.’ खाली, नियमाला धरून, ‘साभार’ आणि माझं पूर्ण नाव, फ्लॅट नंबरासकट.

सकाळपासून पाण्यासाठी सात जण बेल वाजवून गेलेत.