सागरमनाई

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीस गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, आणि त्या दारुण घटनेनंतर जागे झालेल्या शिक्षण खात्याने परिपत्रक काढून समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी व उंच टेकड्या सहलींस वर्ज्य ठरविल्या. किनाऱ्यावर जीवरक्षक नेमण्यापेक्षा किनाराच मना करणे सरकारी तिजोरीस स्वस्त पडते, हे कोणताही जुना कारकून सांगेल. हुकूम साऱ्या मुलखाला लागू, तेव्हा वाशीम तालुक्यातील अनसिंगलाही लागू. येथून समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर. एका दिवसात एस.टी.ने तेथे जाऊन परतणे हनुमंतासच साधावे. तथापि पालकांच्या संमतिपत्रांवरील सह्या व क्वचित निळे अंगठे तपासत बसलेल्या मुख्याध्यापकांस, आपण अरबी समुद्रात उतरणार नाही, अशी लेखी हमी द्यावी लागली, तर त्यात प्रशासनाची समदृष्टीच म्हणावयाची. राहता राहिले लोणार. पाणी खारे, लाटा नाहीत, अंतरही आवाक्यातले. परंतु तेही पडले सरोवर! अखेर सहल शेगावास जाते. तेथे गजानन महाराजांचे दर्शन घडते, कचोरी मिळते, आणि तिच्यासोबतच्या मिरचीने डोळ्यांतून वाहणाऱ्या खाऱ्या पाण्याविषयी परिपत्रकात अद्याप कलम नाही.