कौशल्य आमचं, खुर्ची कुणाची?

व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेणाऱ्या समस्त मंडळींना एक नम्र सूचना. डोंबिवलीत कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ‘वेळेचं नियोजन’ हा विषय ठेवू नका. ज्यांना ते शिकायची गरज आहे, ते त्या वेळी घाटकोपर आणि ठाण्याच्या मधे एका पायावर उभे असतात. हॉलमध्ये येतात ते निवृत्त. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो आणि तो ते वक्त्याच्या मराठीतल्या चुका काढण्यात सत्कारणी लावतात.

शिवाय इथल्या माणसाला कौशल्य शिकवायचं ते काय? सकाळी आधी उलटं कल्याणला जायचं, तिथे जागा धरायची आणि आपल्याच स्टेशनवरून बसल्या बसल्या पुढे जायचं, ही दूरदृष्टी त्याला कुणी पडद्यावर बाण दाखवून शिकवलेली नाही. ‘कुठे उतरणार?’ एवढ्या दोन शब्दांत तो वाटाघाटी करतो. उत्तर ‘भायखळा’ आलं तरी खचत नाही, शेजारच्याला विचारतो. चौथ्या सीटवर निम्मं टेकून सीएसएमटीपर्यंतचे ४८ किलोमीटर काढतो. लेडीज डब्यात तर मटार सोलून होतात, भिशीचा हिशेब लागतो, श्रावणात मंगळागौरीची गाणीही होतात आणि भांडणही वेळेत मिटतं. यातलं काही बायोडेटात लिहिता येत नाही, एवढंच.

कौशल्याचा हा जप तसा सरकारमान्य आहे. १५ जुलै २०१५ रोजी दिल्लीत ‘स्किल इंडिया’चा नारळ फुटला. २०२२ पर्यंत ४० कोटी लोकांना कुशल करायचं ठरलं होतं. २०२२ आलं आणि गेलं. त्याच वर्षी आमच्याकडे मात्र एक गोष्ट खरोखर घडली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. मंजुरी २००८ ची. मधल्या चौदा वर्षांत प्रवाशांनी आपलं लटकण्याचं कौशल्य जेवढं वाढवता येईल तेवढं वाढवलं. पुढे ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. त्यांचं कौशल्य कमी पडलं असं म्हणायला कुठला ट्रेनर पुढे आल्याचं ऐकलं नाही.

‘स्वतःला घडवा’ या उपदेशात एक मोठी सोय आहे. तो एकदा केला की बाकी कुणाला काही करावं लागत नाही. रूळ, रस्ता, शाळा, नोकरी सगळं ज्याच्या त्याच्या जिद्दीच्या खात्यावर टाकता येतं.

कल्याणला भाषण असेल तर वक्त्याला आयतं उदाहरण मिळतं : आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी, अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. टाळ्या. जिद्द असली की सगळं होतं. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटरबाईंनी या परक्या मुलीला पत्रं लिहून धीर दिला आणि आपल्या घरात ठेवून घेतलं, ते भाषणात येत नाही. बाईंचं घर वगळलं की जिद्द जास्त उठून दिसते. आनंदीबाई क्षय घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांची वाट पाहत होती आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविशीही गाठायच्या आत त्या गेल्या. हेही येत नाही. पदवी हातात होती, फुप्फुसं साथ देत नव्हती. असा शेवट सांगितला तर पुढच्या बॅचची फी कोण भरणार?

कौशल्य असून काय होतं ते आंबिवली-मोहोन्याला जाऊन विचारावं. तिथल्या एनआरसी कारखान्यात रेयॉनचा धागा काढणारी माणसं काही अडाणी नव्हती. २००९ मध्ये कंपनीला टाळं लागलं, हातातली कला हातातच राहिली आणि पुढची कित्येक वर्षं थकलेल्या देण्यांसाठी खेटे घालण्यात गेली. ठाण्यात रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहेत. तिथल्या जुन्या कामगाराला ‘नवं स्किल घ्या’ असं सांगणारे बरेच भेटले असतील. त्यातलं कुठलं स्किल घेतल्यावर त्या टॉवरमध्ये फ्लॅट परवडतो, ते सांगणारा भेटला असेल तर कळवावं.

मग या पट्ट्यात माणसं घडली ती कशावर? बरीचशी फुकट किंवा जवळपास फुकट मिळालेल्या गोष्टींवर. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे. ठाण्यात १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि मंडळींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं हे खरंच, पण ठाणेकरांच्या चार पिढ्यांना बसून वाचायला खुर्ची मिळाली, ते काम त्याहून मोठं की काय, अशी मला शंका आहे. ठाणे महापालिका तर स्पर्धा परीक्षांसाठी चिंतामणराव देशमुखांच्या नावाची प्रशिक्षण संस्थाच चालवते. महापालिकेबद्दल इतकं चांगलं वाक्य या सदरात पुन्हा लवकर येणार नाही, तेव्हा कात्रण काढून ठेवा. खुद्द चिंतामणराव १९१८ मध्ये आयसीएसला पहिले आले, पण त्याआधी १९१२ च्या मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली होती. म्हणजे एवढ्या हुशार माणसासाठीसुद्धा कुणीतरी आधी पैसे काढून ठेवले होते.

वन बीएचकेमध्ये आजी, टीव्ही आणि दहावीतला भाऊ असताना एमपीएससी करणाऱ्या मुलीला प्रेरणा नको असते. तिला टेबल हवं असतं, वर पंखा, स्वच्छ संडास आणि रात्री अकरापर्यंत उघडं दार. हे देणं कंटाळवाणं काम आहे. त्यात फीत एकदाच कापता येते आणि पंखा मात्र दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. उलट प्रेरणेचं शिबिर एका दुपारी उरकतं, वडापावही वाटता येतो.

त्यातूनही एखादी मुलगी पास होतेच. लगेच नाक्यावर फलक चढतो. तिचा फोटो पासपोर्टाएवढा. शेजारी भाऊ, दादा आणि साहेब कमरेपर्यंत, हात जोडून. ज्या अभ्यासिकेत ती बसली तिचं नाव शोधून सापडत नाही, आणि ती अभ्यासिका बंद करून तिथे शाखेचं ऑफिस थाटावं म्हणून धडपडणाऱ्याचं नाव ‘शुभेच्छुक’मध्ये पहिलं असतं.